किराण्याला कात्री लावण्याआधी

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय चाळिशीच्या पुढे. घरात पाच माणसं. ते स्वतः, पत्नी, वाढत्या वयाची दोन मुलं आणि मधुमेह असलेली आई. काही महिन्यांपूर्वी नोकरी बदलावी लागली आणि पगार पूर्वीपेक्षा एक पंचमांशाने कमी झाला. घराचे हप्ते आणि मुलांची फी ठरलेली, तिथे हात घालता येत नाही. तीन महिन्यांचा हिशोब मांडल्यावर त्यांना दिसलं, की पूर्वी उत्पन्नाचा चौथा हिस्सा किराण्यावर जायचा, आता जवळजवळ तिसरा जातो. “बाकी सगळं तेच असताना किराणा एवढा कसा वाढला?” असं त्यांनी पत्नीला विचारलं. तिने यादीची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून तुम्हीच आणा.” तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतं उरलं आहे. दरम्यान त्यांनी सवलतीतली मोठी पाकिटं आणायला सुरुवात केली, मुलांचा सुकामेवा बंद केला, तरी बिल हललं नाही. मध्येच काही संपलं तर ते रात्री फोनवरून मागवतात. शेवटी लिहितात, “आईने परवा आपणहून दूध नको म्हणून सांगितलं. पत्नीला न दुखावता हा खर्च पुन्हा चौथ्या हिश्श्यावर कसा आणू?”

नमस्कार,

पगार कमी झाला की माणूस जो आकडा हाताला लागेल तो धरून बसतो. हप्ता बँकेने ठरवलेला, फी शाळेने ठरवलेली. किराणा तेवढा घरात ठरतो, रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून तोच वाढलेला दिसतो. तुमची काळजी मला समजते आणि ती खरी आहे. म्हणूनच आधी तुमचाच हिशोब पुन्हा एकदा मांडूया.

पूर्वीचं उत्पन्न १०० धरा. त्याचा चौथा हिस्सा २५. आता उत्पन्न ८०. किराण्याचं बिल जसंच्या तसं २५ राहिलं असतं, तरी ते ८० च्या ३१ टक्क्यांहून अधिक झालं असतं. तुम्ही ज्याला ‘जवळजवळ तिसरा हिस्सा’ म्हणता, तो हाच. अगदी पुरता तिसरा हिस्सा धरला तरी बिल होतं २६.६७, म्हणजे पूर्वीपेक्षा साधारण सात टक्के जास्त. ज्या वाढीचा जाब तुम्ही पत्नीला विचारलात, ती बहुतेक सगळी पगार घटल्यामुळे दिसते आहे. किराणा जवळपास होता तिथेच आहे.

हे काही तुमच्याच घरात घडलेलं नाही. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला: घराचं उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा. कारण उघड आहे. पगार पाचव्या हिश्श्याने घटला म्हणून कोणाची भूक पाचव्या हिश्श्याने घटत नाही. वाटा वाढणं हे उधळपट्टीचं लक्षण मानू नका. उत्पन्न घटलेल्या प्रत्येक घरात तो वाढतो, कितीही नेटाने संसार करणारी बाई असली तरी.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की आज-उद्याकडे वेळ काढून हा हिशोब पत्नीला दाखवा. “मी वाढ म्हणालो, ती वाढ नव्हती, माझा पगार कमी झाल्यामुळे तसं दिसत होतं,” एवढं स्पष्ट शब्दांत सांगा. त्यांनी वही तुमच्यापुढे का ठेवली असेल याचा विचार केलात तर बाकीचं बोलणं सोपं जाईल. इतकी वर्षं पाच जणांची जेवणं सांभाळणाऱ्या माणसाला एका बेरजेवरून बेजबाबदार ठरवलं गेलं. त्या तुमच्यावर रागावल्या आहेत असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्या दुखावल्या आहेत, आणि दुखावलेल्या माणसाला काटकसरीच्या युक्त्या ऐकवून उपयोग होत नाही.

आता तुमचं उद्दिष्ट. चौथ्या हिश्श्यावर यायचं म्हणजे ८० मधले २०. आज जे २५-२६ लागतात, त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा तुम्हाला एकदम उडवायचा आहे. पाच माणसांच्या घरात पाचवा हिस्सा म्हणजे जवळपास एका माणसाचं खाणं. आणि तुमच्या पत्रातलं दुधाबद्दलचं ते एक वाक्य मला अस्वस्थ करतं ते यासाठी, की ते एक माणूस कोण, हे तुमच्या आईने स्वतःपुरतं ठरवायला घेतलं आहे. घरात पैशांची चणचण बोलली गेली की असंच होतं. कोणी कोणाला उपाशी ठेवत नाही, पण आजी दूध नको म्हणते, आई शेवटी जेवायला बसते आणि ‘मला भूक नाही’ म्हणते, मोठी मुलगी फळाची फोड धाकट्याला देते. बिलात याची नोंद कुठेच होत नाही, उलट बिल कमी झाल्याचा आनंद होतो. वय झालं की भूक मंदावते, पण स्नायू टिकवायला लागणाऱ्या प्रथिनांची गरज मात्र तशीच राहते. त्यातून त्यांना मधुमेह आहे. त्यांच्या आहारात काही बदल करायचा तर तो त्यांच्या डॉक्टरांना विचारून करायचा, बजेट बघून नव्हे. तेव्हा दूध आजपासून परत सुरू करा. हा खर्च कपातीच्या बाहेर आहे हे आईला तुम्ही स्वतः, पत्नीच्या देखत सांगा. मुलांच्या वाढीला लागणारं अन्नही त्याच बाहेरच्या यादीत घाला: डाळी, कडधान्यं, अंडी खात असाल तर अंडी, दूध-दही, भाज्या, फळं. सुकामेव्याचं म्हणाल तर तो महाग असतो हे खरं, पण मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्याची जागा नंतर बिस्किटांच्या पाकिटांनी भरली असेल, तर पैसाही वाचला नसेल आणि पोषणही गेलं असेल. भाजलेले शेंगदाणे किंवा हरभरे त्या जागी बरे.

मग कापायचं कुठे? माझं मत सांगते: जे विकत घेतलं जातं आणि कोणाच्या पोटात जात नाही, तिथून सुरुवात करायची. तिथे कोणाचंच ताट कमी होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात साली, देठ, हाडं असे न खाण्याचे भागही धरलेले आहेत. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की यातला सुमारे ६० टक्के भाग घराघरांतून गेला. हॉटेलं आणि दुकानं मिळून जेवढं टाकतात त्याहून घरं जास्त टाकतात. माणशी हिशोब केला तर घरातून वर्षाला साधारण ७९ किलो. तुमच्या घरात किती जातं ते मी सांगू शकत नाही, तुम्हालाही आज सांगता येणार नाही, आणि ते शोधणं हेच पहिलं काम आहे.

आठ-पंधरा दिवस स्वयंपाकघरात एक कागद टांगा. कचऱ्यात जे खाण्याजोगं जाईल ते त्यावर लिहायचं: काय, साधारण किती, आणि का. कोणी टाकलं हे लिहायचं नाही. हा नियम पाळला नाहीत तर दोन दिवसांत कागदावर काहीच उतरेनासं होईल. ‘का’ हा रकाना सगळ्यात कामाचा. ‘जास्त शिजलं’, ‘मागे राहून गेलं’, ‘कोणाला आवडलं नाही’, ‘दोनदा आणलं गेलं’, ‘बाहेर जेवून आलो’. प्रत्येक कारणावरचा उपाय निराळा आहे. जास्त शिजत असेल तर माप बदलायचं. मागे राहत असेल तर फ्रीजमध्ये समोरचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवायचा आणि नवं सामान नेहमी जुन्याच्या मागे लावायचं. बाहेर जेवून येणाऱ्याने दुपारपर्यंत कळवायचं, हा तर पैशांइतकाच माणुसकीचाही भाग आहे.

साठवण चुकली तर चांगलं सामानही हातचं जातं. पिकलेली केळी, सफरचंदं आणि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्यांच्या शेजारी ठेवलेली पालेभाजी लवकर पिवळी पडते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत. बटाट्यांना अंधारी, हवेशीर जागा लागते, उजेडात ते हिरवे पडतात आणि तो हिरवा भाग खाण्याजोगा नसतो. दूध फ्रीजच्या दारात ठेवायची सवय असते, पण दार सारखं उघडतं आणि तिथलं तापमान सगळ्यात जास्त वरखाली होतं. आतल्या बाजूला ते अधिक टिकतं. फ्रीज ४-५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावा. शिजवलेलं अन्न, विशेषतः भात, दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे. ‘वाचवायचं’ म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला भात खाऊ नका. आजारपणाचा खर्च किराण्याच्या बिलापेक्षा मोठा असतो.

तारखांचाही गोंधळ होतो. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर त्या तारखेपर्यंत चव आणि पोत उत्तम राहील एवढंच ते सांगतं. नीट साठवलेला कोरडा जिन्नस त्यानंतर दोन दिवसांनी टाकून द्यायची गरज नसते, बघून-हुंगून ठरवता येतं. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ असेल तर मात्र ती तारीख सुरक्षिततेची असते, तिच्यापुढे जाऊ नका.

आता तुमच्या मोठ्या पाकिटांकडे येते, कारण तिथे तुमचा हेतू चांगला असूनही पैसा निसटतो आहे असा मला दाट संशय आहे. समजा मोठं पाकीट किलोमागे २० टक्के स्वस्त आहे. एकूण सामानातला चौथा हिस्सा खराब झाला, पोरकिडे झाले, किंवा वास लागून टाकावा लागला. तर प्रत्यक्ष वापरलेल्या किलोचा भाव लहान पाकिटापेक्षा सुमारे सात टक्के जास्त पडला. स्वस्ताई फक्त पावतीवर राहिली. शिवाय डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. बिस्किटं, खाऊ, शीतपेयं यांच्या बाबतीत हे फार होतं: मोठं पाकीट तेवढ्याच दिवसांत संपतं जेवढ्या दिवसांत लहान संपलं असतं. म्हणून मोठं पाकीट फक्त अशाच वस्तूचं घ्या, जी घरात ठरावीक गतीने संपते, टिकते आणि पाकीट मोठं असलं म्हणून कोणी जास्त वापरत नाही. धान्य, डाळी, साखर, मीठ, कपड्यांचा साबण. कणीक, दाणे, मसाले आणि तेल मात्र बेतानेच, कारण कोंड्यासकटच्या पिठातलं आणि दाण्यांतलं तेल कालांतराने खवट होतं.

भाव बघताना पाकिटाची किंमत बघू नका, १०० ग्रॅमला किंवा किलोला काय पडतं ते बघा. पाकीट तेवढंच दिसतं, किंमतही तीच असते, पण आतलं वजन कमी झालेलं असतं. हे किलोचा भाव काढल्याशिवाय कळत नाही. तेलात आणखी एक खाच आहे. एक डबा लिटरवर आणि दुसरा किलोवर असेल तर दोन्ही सारखे समजू नका. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. त्यामुळे लिटरचा आणि किलोचा भाव एकच असेल तर किलोवालं तेल आठ-नऊ टक्क्यांनी स्वस्त आहे. तसंच ‘त्याच किमतीत ३३ टक्के जास्त’ म्हणजे ३३ टक्के सूट नव्हे, ती २५ टक्के सूट झाली. आणि ‘दोनावर एक मोफत’ ही सूट तेव्हाच सूट, जेव्हा तीन तुम्हाला लागणारच होते.

रात्रीच्या फोनबद्दल थोडं जास्त बोलते. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण तीन महिन्यांच्या हिशोबात हा खर्च कुठल्या रकान्यात धरलात? किराण्यात धरला असेल तर पत्नीच्या नावावर मांडलेल्या बिलातला काही भाग तुमचाच आहे. काहीतरी एक संपलेलं असतं. ते मागवताना पोहोचवण्याचा आकार वाचवण्यासाठी आणखी दोन वस्तू टाकल्या जातात. त्या दोन वस्तू यादीत नसतात. अशी मागवणी आठवड्यातून तीनदा झाली तर महिनाअखेरीला यादीबाहेरची एक वेगळीच यादी तयार झालेली असते, आणि ती कोणीच लिहिलेली नसते. तुमच्याकडच्या पावत्या आणि फोनवरच्या जुन्या मागण्या घेऊन बसा. दोन रंगांचे पेन घ्या. यादीतलं एका रंगाने, यादीबाहेरचं दुसऱ्या रंगाने. मग खाण्याचं आणि न खाण्याचं वेगळं करा, कारण ‘किराणा’ म्हणून आपण जे मांडतो त्यात भांड्यांचा साबण, फरशीचं औषध, शाम्पू, मुलांच्या वह्या, पाहुण्यांसाठी आणलेलं असं पुष्कळ काही असतं. कपात आधी या न खाण्याच्या भागात आणि यादीबाहेरच्या भागात शोधा. धुण्याची पावडर पाकिटावर सांगितलेल्या मापाने घालायला लागलात तरी फरक दिसतो. संपत आलेली वस्तू दिसली की कोणीही, अगदी धाकट्यानेही, ती फ्रीजवरच्या कागदावर लिहायची. रात्री मागवायचं नाही, आठवड्याच्या खरेदीत आणायचं. औषध किंवा आईच्या गरजेची वस्तू एवढाच अपवाद.

महिन्याच्या पैशांची विभागणी करताना बहुतेक जण चाराने भागतात आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत अडकतात. महिना चार आठवड्यांचा नसतो. वर्षाचे ५२ आठवडे १२ महिन्यांत वाटले की महिन्याला सव्वाचारहून थोडे जास्त पडतात. मी सुचवेन ते असं: कोरडं आणि टिकाऊ सामान महिन्यातून एकदा, यादी करून. भाजी, फळं, दूध, अंडी या ताज्या गोष्टींची रक्कम साडेचाराने भागून आठवड्याला एक पाकीट. आठवड्यातलं उरलं तर ते पुढच्या पाकिटात जातं, काढून घेतलं जात नाही. आणि एकूण किराण्यातला थोडा भाग, शंभरातले पाच म्हणा, राखीव. पाहुणे येतात, मूल आजारी पडतं, एखादं तेल अचानक महागतं. राखीव ठेवलेलं नसेल तर अशा वेळी बजेट मोडतं आणि एकदा मोडलं की त्या महिन्यापुरता सगळ्यांचाच धीर सुटतो.

यादी करण्याआधी डबे उघडून बघायचे, ही साधी गोष्ट मी आग्रहाने सांगते. आधी काय आहे ते बघा, त्यातून काय शिजेल ते ठरवा आणि मग कमी असेल तेवढंच लिहा. आपण बहुधा उलटं करतो: गेल्या महिन्याची यादी उतरवून काढतो, आणि मग एकाच डाळीची तीन अर्धवट पाकिटं निघतात. आठवड्याच्या सातही दिवसांचा बेत ठरवायची गरज नाही, तो पाळला जात नाही. चार-पाच दिवसांचा ठरवा, एक दिवस उरलेल्यातून करायचा ठेवा, आणि मोसमात जी भाजी मुबलक आणि स्वस्त असेल तिच्यासाठी जागा मोकळी सोडा. एखाद्या वस्तूचा नेहमीचा ब्रँड सोडून स्वस्तातला आणायचा असेल तर महिन्याला एक-दोनच बदल करा. सगळं एकदम बदललं तर मुलं जेवण मागे सारतात आणि ते कचऱ्यात जातं.

आता अशी एक गोष्ट, जी किराण्याच्या सल्ल्यांत बहुधा सांगितली जात नाही. किराण्यात वाचलेल्या पैशामागे कोणाचे तरी हात राबलेले असतात. डबाबंद किंवा तयार उसळीपेक्षा सुकं कडधान्य कितीतरी स्वस्त पडतं, शिजल्यावर ते वजनाला दुपटीहून अधिक भरतं. पण आदल्या रात्री ते आठवणीने भिजत घालावं लागतं. चिरून ठेवलेल्या भाजीपेक्षा अख्खी भाजी स्वस्त, पण ती निवडावी आणि चिरावी लागते. उरलेल्याचा नवा पदार्थ करायला डोकं लागतं. काय संपत आलंय, कोणाला काय चालत नाही, आईचं पथ्य काय, उद्या कोणाचा डबा लवकर हवा, हे सगळं डोक्यात धरून ठेवणं हेसुद्धा कामच आहे. बिल कमी करा असं म्हणताना तुम्ही हे काम वाढवायला सांगत असता. ते वाढलेलं काम पत्नीच्याच वाट्याला जाणार असेल, तर खर्च तुमच्या खात्यातून त्यांच्या दिवसात सरकला, एवढंच झालं. त्या नोकरी करतात की घर सांभाळतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या उत्तरात त्याने फरक पडत नाही.

म्हणून त्यांनी दिलेली वही घ्या. “ठीक आहे, दाखवतो कसं करायचं ते” अशा चुरशीने घेऊ नका. “एक महिना मी करतो, तू मला शिकव” म्हणून घ्या. यादी तुम्ही करा, डबे तुम्ही उघडा, आठवड्याची भाजी तुम्ही आणा आणि आणलेली निवडून, पुसून, जागच्या जागी लावण्यापर्यंतचं कामही तुमचं. भाज्या निवडताना कुठल्या पेंढीत किती वाया जातं ते हाताला कळतं, ते हिशोबाच्या तक्त्यात दिसत नाही. महिना संपला की दोघं बसा आणि मग ठरवा कोणी काय करायचं. कदाचित त्यांना यादी परत हवी असेल आणि खरेदी नको असेल. कदाचित उलट. ते त्यांनाच विचारा.

मुलांना यात घ्या, पण भीती घालू नका. “पैसे नाहीत” हे वाक्य मूल वेगळ्या अर्थाने ऐकतं. “या आठवड्याच्या खाऊला एवढी रक्कम आहे, काय आणायचं ते तुम्ही दोघं ठरवा,” हे त्याला झेपतं, आणि किलोचा भाव काढायला ती मुलं तुमच्यापेक्षा लवकर शिकतील.

किती वाचेल? चौथ्या हिश्श्याचा हट्ट आत्ता सोडा असं मी सांगेन. पहिल्या तीन महिन्यांत बिलातले दहा टक्के, तेही कोणाचं खाणं न कापता, एवढं जमलं तर फार चांगलं झालं असं माना. काही घरांत वाया जाणारं आणि यादीबाहेरचं एवढं थांबवूनच ते जमतं, काही घरांत तेवढंही निघत नाही, कारण तिथे आधीच कोणीतरी खूप काटेकोर असतं. तुमच्या पत्नीच्या वहीत बघितल्यावर तुमचं घर यातलं कुठलं ते तुम्हाला कळेल. दहा टक्के वाचले तर तुमच्या शंभराच्या हिशोबात ते अडीच होतात. पगारात गेले वीस. उरलेले साडेसतरा किराण्यातून कधीच निघणार नाहीत, आणि हे मान्य करणं तुम्हाला कदाचित सगळ्यात जड जाईल, कारण त्यानंतर ज्याला हात घालता येत नाही असं तुम्ही लिहिलंत, तिथेच बघावं लागेल. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, हे बँकेत जाऊन विचारा. व्याज एकूण जास्त जाईल, पण महिन्याचा ताण हलका होईल. शाळेत फी टप्प्याटप्प्याने भरता येते का, विचारा. फोनची, मनोरंजनाची, न वापरलेली वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जाते का, बघा. विमा मात्र बंद करू नका. उत्पन्न कमी झालेल्या घराला त्याची गरज जास्त असते.

असंच पत्र आणखीही काही जणांकडून येतं, त्यांच्यासाठी दोन शब्द. एकट्याने राहणाऱ्यांनी मोठ्या पाकिटाच्या वाटेला जाऊच नये. शेजारी किंवा सहकाऱ्याशी वाटून घेता आलं तर उत्तम, नाहीतर सुटं घ्यावं. एकदा शिजवून दोन-तीन वेळचं लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवलं, की थकलेल्या संध्याकाळी बाहेरून मागवण्याचा मोह टळतो. एकट्यांच्या घरात खरा खर्च तिथेच असतो. ज्यांची कमाई दर महिन्याला सारखी नसते, त्यांनी बजेट गेल्या वर्षातल्या सगळ्यात कमी कमाईच्या महिन्यावर बेतावं आणि बऱ्या महिन्यात टिकाऊ सामान थोडं पुढचं भरून ठेवावं. आणि ज्यांच्या घरात बिल आधीच इतकं कमी आहे की आणखी काही काढायला जागाच नाही, त्यांनी स्वतःला काटकसरीचे धडे देणं थांबवावं. त्यांचा प्रश्न कमाईचा आहे. सरकारी धान्य, शाळेतलं जेवण, एखादी शिष्यवृत्ती, जे हक्काचं असेल ते मागायला संकोच करू नये.

तुमच्या घरापुरतं बोलायचं, तर या आठवड्यात तीनच गोष्टी करा. शंभर-ऐंशीचा हिशोब पत्नीसमोर मांडा. आईचं दूध सुरू करा आणि ते त्या खरंच पितात ना, याकडे लक्ष ठेवा, कारण एकदा नको म्हटलेलं म्हाताऱ्या माणसांना परत घ्यायला लाज वाटते. आणि स्वयंपाकघरात तो कागद टांगा. पावत्या, पाकिटं, किलोचे भाव हे सगळं पुढच्या महिन्याच्या यादीबरोबर सुरू झालं तरी चालेल. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. बिल किती झालं ते कळवाच, पण त्याच्याआधी वहीत आता कोणाकोणाचं अक्षर आहे ते कळवा.